कुळांचा चढउतार : एका मराठी आवर्तसारणी-संचाचे परीक्षण

देवगड तालुक्यातील ज्या माध्यमिक शाळेत मी गेली एकोणीस वर्षे विज्ञान शिकवते, तिच्या प्रयोगशाळेसाठी यंदा जूनमध्ये मी आवर्तसारणीचा एक नवा संच मागवला. पाच फूट रुंद व साडेतीन फूट उंच असा कापडी तक्ता, ११८ मूलद्रव्यांची ११८ कार्डे आणि बत्तीस पानांची पुस्तिका असे त्याचे स्वरूप असून तिन्ही गोष्टी मराठीत आहेत. किंमत १,४५० रुपये पडली. नववी आणि दहावीच्या वर्गांत चार महिने तो वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. शाळेसाठी तक्ता घेताना बहुतेक वेळा कापडाची जाडी आणि रंगांचा उठाव पाहिला जातो. ज्या गोष्टीसाठी आवर्तसारणी भिंतीवर टांगायची, ती त्यात दिसते की नाही हे मात्र क्वचितच तपासले जाते.

ती गोष्ट म्हणजे मूलद्रव्यांची कुळे. एका उभ्या रांगेतली, म्हणजे एका गणातली मूलद्रव्ये सारखी वागतात, हे वाक्य दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते, पण ते अर्धेच खरे आहे. लिथिअम आणि सीझिअम एकाच कुळातली भावंडे असली, तरी लिथिअम पाण्यावर संथपणे बुडबुडे सोडत राहते, आणि सीझिअम पाण्याला लागताक्षणी स्फोट होतो. कुळ ओळखायचे ते दोन खुणांनी : सर्वांत समान असलेला गुण ही पहिली खूण, आणि वरून खाली येताना त्या गुणात पडत जाणारा क्रमवार फरक ही दुसरी. चौकटींना रंग दिले की पहिली खूण दिसते. दुसरी खूण दाखवणारा शालेय तक्ता मी यापूर्वी वापरलेला नव्हता. हा तक्ता ती दाखवतो, आणि म्हणूनच त्यात पुढे सांगितलेले दोष असूनही मी तो भिंतीवरून उतरवलेला नाही.

हे साधले आहे ते गणपट्ट्यांमुळे. नेहमीच्या सारणीखाली गण १, २ आणि १३ ते १८ अशा आठ गणांच्या आठ उभ्या पट्ट्या छापल्या आहेत. प्रत्येक पट्टीत त्या गणातली मूलद्रव्ये वरून खाली मांडून प्रत्येकापुढे द्रवणांक, उत्कलनांक आणि पहिली आयनन ऊर्जा, म्हणजे अणूच्या सर्वांत बाहेरचा एक इलेक्ट्रॉन काढून घेण्यासाठी लागणारी ऊर्जा, दिली आहे. आकडे ठळक आहेत आणि मागच्या बाकावरून वाचता येतात.

पहिल्या गणाची, म्हणजे अल्क धातूंची पट्टी मी सर्वांत जास्त वापरली. लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम, रुबिडिअम आणि सीझिअम यांचे द्रवणांक अनुक्रमे १८०.५, ९७.८, ६३.५, ३९.३ आणि २८.४ अंश सेल्सिअस आहेत. ही पाच आकड्यांची उतरंड एकदा डोळ्यांपुढे आली की मुले आपण होऊन प्रश्न विचारू लागतात. मे महिन्यातल्या दुपारी आमच्या प्रयोगशाळेत सीझिअमची कुपी असती, तर त्यातला धातू द्रव दिसला असता, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. त्याच पट्टीतली आयनन ऊर्जाही पायरीपायरीने उतरते : प्रत्येक मोलला ५२०, ४९६, ४१९, ४०३ आणि ३७६ किलोज्यूल. दोन्ही उतरंडींचे कारण एकच आहे. या कुळातल्या प्रत्येकाच्या बाह्यतम कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो. खाली येताना कवचांची संख्या वाढत जाते, तो एकटा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर पडतो, आणि त्याच्यावरची केंद्रकाची पकड सैल होते. पकड सैल झाल्याने तो सहज निघून जातो आणि धातू अधिक क्रियाशील ठरतो. अणू मोठा झाल्याने धातूतले बंध दुबळे होतात आणि तो लवकर वितळतो.

रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेला सोडिअमचा तुकडा चिमट्याने बाहेर काढून चाकूने कापला, की साबणाच्या वडीसारखा कापला जातो, आणि कापलेली बाजू क्षणभर चांदीसारखी चमकून पाहता पाहता मळकट होते. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा फिनॉल्फ्थॅलिन घातलेल्या पाण्यात टाकला, की तो गोळी होऊन पाण्यावर पळू लागतो आणि त्याच्या वाटेवर गुलाबी रेघ उमटत जाते. हा प्रयोग मी दरवर्षी दाखवते. यंदा प्रयोगानंतर मुलांना तक्त्यापुढे उभे करून, पोटॅशिअमचा तुकडा टाकला असता तर काय झाले असते, असे विचारले. पट्टी वाचून बहुतेकांनी योग्य उत्तर दिले : क्रिया जास्त जोरात झाली असती आणि बाहेर पडलेला हायड्रोजन पेटला असता. न पाहिलेल्या पदार्थाविषयी असे बोलता येणे मला फार मोलाचे वाटते.

याच गणात पुस्तिकेने मात्र चूक केली आहे. ‘अल्क धातूंची घनता वरून खाली नियमितपणे वाढत जाते’ असे तिच्या सातव्या पानावर छापले आहे. कार्डांवरचे आकडे बरोबर आहेत, आणि ते पुस्तिकेला खोटे पाडतात : लिथिअम ०.५३, सोडिअम ०.९७, पोटॅशिअम ०.८६, रुबिडिअम १.५३. कार्डे लावत असताना नववीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, पोटॅशिअमचं कार्ड चुकलंय का?” कार्ड चुकलेले नव्हते. सोडिअमकडून पोटॅशिअमकडे जाताना अणूचे वस्तुमान जितक्या पटीने वाढते, त्याहून अधिक पटीने त्याचे आकारमान वाढते, त्यामुळे पोटॅशिअम सोडिअमहून हलके ठरते. कुळाच्या नियमाला कुठे अपवाद आहे आणि तो का आहे, हे सांगायची ही उत्तम जागा होती. प्रकाशकांनी ती एका सरसकट वाक्यात घालवली. पुढच्या आवृत्तीत हे पान दुरुस्त होणे फार गरजेचे आहे, कारण प्रत्येक मूल आकडे ताडून पाहीलच असे नाही.

हॅलोजनांची, म्हणजे सतराव्या गणाच्या कुळाची पट्टी अल्क धातूंच्या पट्टीशेजारीच छापली आहे, आणि ही मांडणी मला संपूर्ण तक्त्यातली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. सारणीत गण १ आणि गण १७ दोन टोकांना असतात, त्यामुळे त्यांची तुलना करायची तर नजर पाच फूट फिरवावी लागते. इथे ते शेजारी आल्याने एक विलक्षण गोष्ट चटकन दिसते : डावीकडच्या कुळात खाली येताना द्रवणांक उतरतो, उजवीकडच्या कुळात तो चढतो. उत्कलनांकही तसाच चढतो : फ्लोरिन उणे १८८ अंशांना उकळते, क्लोरिन उणे ३४ अंशांना, ब्रोमिन ५९ अंशांना आणि आयोडिन १८४ अंशांना. म्हणून वर्गातल्या नेहमीच्या तापमानाला पहिले दोन वायू, तिसरे तांबूस तपकिरी द्रव आणि चौथे काळपट करडे स्थायू, अशा पदार्थाच्या तिन्ही अवस्था एकाच रांगेत सापडतात. हॅलोजनांचे दोन-दोन अणूंचे रेणू एकमेकांना धरून असतात ते रेणूंमधल्या क्षीण आकर्षणाने, आणि रेणू जितका मोठा, त्यातले इलेक्ट्रॉन जितके अधिक, तितके हे आकर्षण वाढते. अल्क धातूंमध्ये अणू मोठा झाल्याने बंध दुबळा होतो, तर हॅलोजनांमध्ये रेणू मोठा झाल्याने आकर्षण बळावते; एकाच कारणाची ही दोन उलट फळे मुलांना दोन पट्ट्या शेजारी ठेवल्याशिवाय समजावून देणे मला इतक्या वर्षांत नीट जमलेले नव्हते.

क्रियाशीलतेचा क्रमही इथे उलटा आहे. हॅलोजनांना इलेक्ट्रॉन द्यायचा नसून घ्यायचा असतो, आणि लहान अणू तो अधिक ओढीने घेतो, म्हणून वरचा हॅलोजन खालच्याला त्याच्या क्षारातून हुसकावून लावतो. पोटॅशिअम ब्रोमाइडच्या रंगहीन द्रावणात क्लोरिनचे पाणी घातले की द्रावण नारिंगी होते, आणि पोटॅशिअम आयोडाइडमध्ये घातले की तपकिरी. त्यात पिष्टाचे दोन थेंब टाकले की गर्द निळे. पुस्तिकेत हा प्रयोग दिला आहे आणि तो आमच्या प्रयोगशाळेत पहिल्याच वेळी व्यवस्थित झाला. मात्र रोजच्या जीवनातली उदाहरणे देताना पुस्तिका जलतरण तलावापाशी थांबते. आमच्या मुलांनी जलतरण तलाव पाहिलेला नाही. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा कर्मचारी विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरिनयुक्त भुकटी, टाकतो, तो वास त्यांना ठाऊक आहे, आणि तो याच कुळाचा वास आहे. मिठाच्या पिशवीवरचे आयोडिन, आणि यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलात प्रमाणाबाहेर उतरून दात आणि हाडे खराब करणारे फ्लोराइड, हीसुद्धा आपली, महाराष्ट्रातली उदाहरणे आहेत. मराठीतून शिकणाऱ्या मुलांसाठी पुस्तिका लिहायची तर तिच्यातला अनुभवही त्यांच्या गावचा असायला हवा, अशी माझी ठाम अपेक्षा आहे.

अठराव्या गणाकडे, म्हणजे हेलिअमच्या कुळाकडे, आमच्या तालुक्यातल्या मुलांचे लक्ष वेगळ्या कारणाने जाते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाची पट्टी विजयदुर्गावरून पूर्वेकडे गेली होती, आणि दरवर्षी त्या तारखेला किल्ल्यावर हेलिअम दिन साजरा होतो. त्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन यांनी गुंटूर येथून सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटाचे निरीक्षण केले, आणि त्याच वर्षी लॉकयर यांनी इंग्लंडमधून ग्रहणाविनाही तशा रेषा पाहिल्या. त्यांतली पिवळी रेषा सोडिअमच्या जोडरेषेच्या अगदी जवळ, पण तिच्याहून वेगळी होती; तीच हेलिअमची पहिली खूण. पृथ्वीवर हे मूलद्रव्य ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांच्या हाती लागले ते १८९५ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी. त्याच्या आदल्या वर्षी रॅले आणि रॅमसे यांनी हवेतून आरगॉन वेगळा केला होता, आणि १८९८ मध्ये रॅमसे व ट्रॅव्हर्स यांनी निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन शोधले. सारणीत ज्याला जागाच ठेवलेली नव्हती, असे एक आख्खे कुळ चार-पाच वर्षांत उजेडात आले आणि तरीही सारणी मोडली नाही; तिला एक नवी उभी रांग जोडली गेली, इतकेच. पुस्तिकेत हा इतिहास तीन ओळींत उरकला आहे. तो किमान दोन पाने मिळण्याच्या योग्यतेचा होता.

या कुळाबद्दलची दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. तक्त्यावर ‘निष्क्रिय वायू’ आणि त्याखाली ‘राजवायू’ अशी दोन्ही नावे आहेत, ते ठीकच; परंतु पुस्तिकेत ‘हे वायू कोणत्याही मूलद्रव्याशी कधीही संयोग पावत नाहीत’ असे लिहिले आहे. १९६२ पासून हे विधान खरे नाही. त्या वर्षी कॅनडात नील बार्टलेट यांना असे आढळले, की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड हे संयुग ऑक्सिजनच्या रेणूकडूनही इलेक्ट्रॉन ओढून घेते. ऑक्सिजनच्या रेणूची आणि झेनॉनच्या अणूची आयनन ऊर्जा जवळजवळ सारखी आहे हे त्यांच्या लक्षात आले, त्यांनी ऑक्सिजनच्या जागी झेनॉन वापरून पाहिला, आणि झेनॉनचे पहिले संयुग तयार झाले. आता तक्त्यावरची अठराव्या गणाची पट्टी पाहावी : हेलिअमपासून झेनॉनपर्यंत आयनन ऊर्जा सतत उतरत आली आहे. या कुळात इलेक्ट्रॉन सोडायला कोणी आधी तयार होणार असेल, तर तो खालच्या अंगाचाच असणार, हे त्याच पट्टीत छापलेले आहे. तक्ता जे सांगतो ते त्याच्याच पुस्तिकेने नाकारावे, याचे मला मनापासून वाईट वाटले.

आता रंगांविषयी. या तक्त्यात रंगाचे दोन अर्थ एकत्र आले आहेत, आणि हा दोष बाजारातल्या बहुसंख्य तक्त्यांत सापडतो. दोन्ही टोकांना रंग कुळ सांगतो : अल्क धातू केशरी, अल्कधर्मी मृदा धातू पिवळे, हॅलोजन हिरवे, निष्क्रिय वायू जांभळे. मध्ये आल्यावर मात्र तोच रंग पदार्थाचा प्रकार सांगू लागतो : धातू करडे, धातुसदृश तपकिरी, अधातू निळे. परिणाम असा होतो की चौदाव्या गणात कार्बन निळा, सिलिकॉन आणि जर्मेनिअम तपकिरी, कथिल आणि शिसे करडे दिसते, आणि ही पाच एका कुळातली आहेत हे रंग पाहणाऱ्याला कधीच कळत नाही. वास्तविक या कुळाची हीच मोठी खासियत आहे, की बाह्यतम कवचात चार इलेक्ट्रॉन हा वारसा सर्वांना सारखा मिळूनही वरचा सदस्य अधातू, मधले धातुसदृश आणि खालचे धातू आहेत. पंधराव्या गणात नायट्रोजन वायू आहे आणि बिस्मथ धातू, तिथेही हेच. प्रत्येक गणाला एकच रंग देऊन धातू, धातुसदृश आणि अधातू यांच्यासाठी चौकटीची कड वेगळी केली असती, तर दोन्ही माहिती एकमेकींना न झाकता राहिली असती. शिवाय केशरी आणि हिरवा यांच्या छटा इतक्या सारख्या वजनाच्या आहेत, की लाल-हिरवा भेद न कळणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याला अल्क धातू आणि हॅलोजन एकाच कुळातले वाटले. कडेच्या किंवा रेघांच्या खुणा असत्या तर हे टळले असते.

हायड्रोजनलाही अल्क धातूंचा केशरी रंग दिला आहे, तो मला मान्य नाही. एक इलेक्ट्रॉन असल्याने त्याची जागा लिथिअमच्या डोक्यावर पडते, हे खरे. पण त्याची आयनन ऊर्जा मोलला १,३१२ किलोज्यूल आहे आणि लिथिअमची ५२०. कुळाच्या उतरंडीत एवढी मोठी उडी बसत नाही. हायड्रोजन वायू आहे, हॅलोजनांप्रमाणे दोन अणूंच्या रेणूत राहतो, आणि सोडिअमसारख्या धातूकडून इलेक्ट्रॉन घेऊन हायड्राइडही बनवतो. त्याची चौकट पांढरी ठेवायला हवी होती. संक्रामक मूलद्रव्यांच्या, म्हणजे गण ३ ते १२ मधल्या धातूंच्या, बाबतीत एकच गुलाबी रंग सगळ्यांवर फिरवला असल्याने तांबे, चांदी आणि सोने हे अकराव्या गणातले, आपल्या पूर्वजांनी नाण्यांसाठी आणि दागिन्यांसाठी वेचून काढलेले कुळ त्यात हरवून जाते. लॅन्थनाइड आणि ॲक्टिनाइड श्रेणी खाली नेहमीप्रमाणे दिल्या आहेत, त्यांच्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या गणाच्या बाबतीत मात्र पुस्तिकेची मोकळेपणाने प्रशंसा करावीशी वाटते. कॅल्शिअम, स्ट्रॉन्शिअम आणि बेरिअम हे डोबेरायनर यांचे त्रिक, म्हणजे मधल्याचे अणुवस्तुमान बाकी दोघांच्या सरासरीजवळ येते असा तिघांचा गट, देऊन कॅल्शिअमचे ४० आणि बेरिअमचे १३७ यांची सरासरी ८८.५ येते व स्ट्रॉन्शिअमचे अणुवस्तुमान ८७.६ आहे, हे मुलांकडून करवून घेतले आहे. त्यापुढे अणुचाचण्यांतून वातावरणात पसरलेले स्ट्रॉन्शिअम-९० गवतातून दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत का जाते, हे समजावले आहे : शरीर त्याला कॅल्शिअमच समजते. त्याच पानावर बेरिअमचे उदाहरण आहे. बेरिअमचे विरघळणारे क्षार विषारी असूनही पोटाच्या क्ष-किरण तपासणीआधी रुग्णाला बेरिअम सल्फेट पाजता येते, कारण या कुळात खाली जाताना सल्फेटांची विद्राव्यता घटत जाते आणि बेरिअम सल्फेट जवळजवळ विरघळतच नाही. कुळातला चढउतार माणसाच्या जिवाशी कसा जोडलेला असतो, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगणे कठीण आहे. ही चार पाने ज्यांनी लिहिली, त्यांनीच संपूर्ण पुस्तिका लिहायला हवी होती.

भाषेबद्दल एक सूचना. कार्डांवर तांबे, जस्त, कथिल, शिसे, पारा, गंधक ही मराठी नावे दिली आहेत, पण नायट्रोजनच्या कार्डावर ‘नत्र’, फॉस्फरसच्या कार्डावर ‘स्फुरद’ आणि पोटॅशिअमच्या कार्डावर ‘पालाश’ हे शब्द नाहीत. आंबा-काजूच्या बागा असलेल्या घरांतली मुले खताच्या गोणीमुळे हे तीन शब्द लहानपणापासून ऐकतात. नत्र आणि स्फुरद एकाच पंधराव्या गणातली भावंडे आहेत आणि पालाश पहिल्या गणातल्या धातूचे खत आहे, हे कळल्यावर खताच्या गोणीवरचे तीन आकडे आणि भिंतीवरचा तक्ता यांची त्यांच्या मनात गाठ पडते. मी हे शब्द शाईने कार्डांवर लिहून घेतले.

छपाई आणि टिकाऊपणा समाधानकारक आहे. पावसाळ्यातल्या दमट हवेत कापडाला बुरशी धरली नाही, पण खिडकीसमोर टांगल्याने जांभळा रंग थोडा उतरला आहे. उन्हापासून दूर लावावा. कार्डे जाड आहेत, कोपरे गोल आहेत, आणि पाठीमागे त्या मूलद्रव्याच्या ज्योतीचा रंग, अवस्था, घनता आणि प्रमुख संयुगे दिली आहेत.

कार्डांचा खरा उपयोग नावे झाकून ती मांडण्यात आहे. पहिल्या वीस मूलद्रव्यांच्या नावांवर कागदाची पट्टी चिकटवून मी ती गटांना वाटते आणि फक्त गुणधर्म पाहून रांगा लावायला सांगते. मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये आपली सारणी मांडली तेव्हा ६३ मूलद्रव्ये ज्ञात होती, आणि गुणधर्म जुळेनात तिथे त्यांनी जागा मोकळ्या सोडल्या. त्या जागांना त्यांनी ‘एका-बोरॉन’, ‘एका-ॲल्युमिनिअम’, ‘एका-सिलिकॉन’ अशी नावे दिली. त्यातला ‘एका’ हा संस्कृतातला ‘एक’ आहे, ज्ञात मूलद्रव्याच्या खालचे एक घर अशा अर्थाचा, आणि हे आमच्या मुलांना फोड करून सांगावे लागत नाही. १८७५ मध्ये फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्राँ यांनी गॅलिअम, म्हणजे तेच एका-ॲल्युमिनिअम, शोधले आणि त्याची घनता ४.७ सांगितली, तेव्हा ज्यांनी तो धातू कधी पाहिलाही नव्हता त्या मेंडेलीव्ह यांनी, घनता ५.९ च्या आसपास असायला हवी, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजावा, असे कळवले. पुन्हा मोजल्यावर ती ५.९ निघाली. पुस्तिकेत हा प्रसंग आहे आणि तो चांगला लिहिला आहे.

आमच्या संचात ११८ ऐवजी ११७ कार्डे निघाली. ७२ क्रमांकाच्या हाफ्निअमचे कार्ड नव्हते. विक्रेत्याला कळवल्यावर ते यायला पाच आठवडे लागले, आणि एवढा विलंब क्षम्य नाही. दरम्यान मी दहावीच्या वर्गाला सांगितले, की हरवलेले कार्ड आपणच तयार करू, मात्र पुस्तकात किंवा मोबाइलवर न पाहता. मुलांनी डावीकडचे ७१ क्रमांकाचे ल्युटेशिअम आणि उजवीकडचे ७३ क्रमांकाचे टँटॅलम ही दोन कार्डे घेतली. अणुवस्तुमाने १७५.० आणि १८०.९, म्हणून मधल्याचे १७८.० धरले. घनता ९.८४ आणि १६.६५, म्हणून मधल्याची १३.२. द्रवणांक १,६६३ आणि ३,०१७ अंश, म्हणून मधल्याचा २,३४०. वरच्या घरात झिर्कोनिअम असल्याने चमकदार धातू, संयुजा चार, आणि खनिजांत बहुधा झिर्कोनिअमच्याच सोबतीने सापडणारा, असे त्यांनी लिहिले. हे शेवटचे वाक्य एका मुलाने केवळ ‘एकाच घरातले आहेत’ या आधारावर सुचवले होते. हाफ्निअम १९२३ मध्ये कोपनहेगनमध्ये झिर्कोनिअमच्याच खनिजात सापडले, हे मी त्यानंतर सांगितले.

पाच आठवड्यांनी छापील कार्ड आले. त्यावर अणुवस्तुमान १७८.५ होते, घनता १३.३, आणि द्रवणांक २,२३३ अंश. द्रवणांक शंभर अंशांहून थोडा अधिक चुकला होता, त्याचे कारण काय असेल यावर पुढचा अख्खा तास गेला. छापील कार्ड आता पेटीत आपल्या क्रमाने लावले आहे, आणि मुलांनी पुठ्ठ्यावर बनवलेले कार्ड त्याच्यामागे तसेच ठेवले आहे.